जेवायला येणाऱ्यांच्या अ‍ॅलर्जी, पथ्यं आणि आवडीनिवडी : यजमानाने कसं जमवायचं?

चमचाभर
दहा-बारा जणांना जेवायला बोलावलं की यादी साधारण अशी येते : एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, एकीला सीलिअ‍ॅक, एक जण व्हीगन (दूध-अंड्यासकट प्राण्यांपासूनचं काहीच न खाणारा), एकाला दूध पचत नाही आणि एकाला वांगं नको. माझे प्रश्न :
१. आधी नेमकं काय विचारायचं?
२. सगळ्यांना चालेल असा एकच स्वयंपाक करायचा, की ज्याचं त्याला वेगळं काढून ठेवायचं?
३. नको असलेली वस्तू घातली नाही, एवढं पुरतं का?
माझं मत : वेगळं काढून ठेवावं. दोघांसाठी बाकी दहा जणांच्या जेवणाची चव कशाला घालवायची? पटत नसेल तर खुशाल भांडा, पण कारणं द्या.

आळसोबा
वांगंविरोधी पक्षाच्या वतीने हजेरी लावतो. आमची मागणी साधी आहे, जीव वगैरे जाणार नाही. :)

मोजमाप
आळसोबांनी गमतीत म्हटलंय, पण मुद्दा तोच आहे. ही पाच माणसं एका पातळीवरची नाहीत, आणि यजमानाचा गोंधळ होतो तो सगळ्यांना एकाच यादीत घातल्यामुळे.

शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी : शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा त्यातल्या प्रथिनावर तुटून पडते. कणभरही पुरतो. लक्षणं बहुधा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसतात आणि श्वास अडकण्यापर्यंत जाऊ शकतात.

सीलिअ‍ॅक : ही अ‍ॅलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय (गव्हासारखं एक धान्य) यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. ताटावर बसल्या बसल्या काही दिसेलच असं नाही, म्हणून 'मागच्या वेळी खाल्लं, काही झालं नाही' हा पुरावा धरू नका. 'ग्लुटेनमुक्त' म्हणण्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. गव्हाच्या पिठात ढोबळमानाने १० टक्के ग्लुटेन धरलं तर १ ग्रॅम पिठात १०० मिलिग्रॅम झालं. म्हणजे चिमूटभर पिठाने ५ किलो अन्न मर्यादेला टेकतं.

दूध न पचणं : दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं विकर कमी पडतं. इथे मात्रेचा हिशेब चालतो. बरेच जण एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण कपभर दूध, फारसा त्रास न होता पचवतात. दह्याचा त्रास सहसा कमी होतो, मुरवलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज नावापुरतंच उरतं.

व्हीगन : हा तत्त्वाचा प्रश्न. नावड : हा जिभेचा.

पहिल्या दोघांसाठी स्वयंपाकघराची शिस्त बदलावी लागते, तिसऱ्यासाठी प्रमाण, चौथ्यासाठी साहित्य. पाचव्यासाठी एक भाजी बदलली की झालं.

दोन घास
मोजमाप, एक पुरवणी. 'दूध चालत नाही' म्हणणाऱ्याला दुधाची अ‍ॅलर्जीही असू शकते. ती प्रथिनांची असते. तिथे लॅक्टोजमुक्त दूध अजिबात चालत नाही, कारण त्यातली फक्त साखर फोडलेली असते, प्रथिनं जशीच्या तशी असतात. तुपातही प्रथिनांचा अंश राहतो. लॅक्टोजवाल्याला तूप बिनघोर, अ‍ॅलर्जीवाल्याला बंद. म्हणून 'न पचणं की अ‍ॅलर्जी?' हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पळीवाली
प्रश्न १ बद्दल. 'काही चालत नाही असं आहे का?' असं विचारलं की भिडस्त माणूस 'छे छे, काहीही चालेल' म्हणणारच. प्रश्नाला उत्तराचे पर्याय जोडा. जेवणाआधी ४-५ दिवस हा निरोप पाठवा, हवा तर उचला :

'जेवणाचा बेत ठरवतोय. तुमच्यापैकी कुणाला (मुलांसह) कशाची अ‍ॅलर्जी, कुठलं पथ्य, किंवा धर्माने-तत्त्वाने वर्ज्य असं काही आहे का? असल्यास, अंशमात्रही चालत नाही की थोडं चालतं? त्याच भांड्यात, त्याच तेलात केलेलं चालतं का? मनापासून न आवडणारी एखादी गोष्टही बिनधास्त कळवा.'

'त्याच तेलात' हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याच्या उत्तरावरून मामला किती गंभीर आहे ते लगेच कळतं. उत्तरं लेखी मागवा, म्हणजे फोनवर ऐकलेलं 'काजू' दुकानात 'बदाम' होत नाही. अ‍ॅलर्जी असलेल्या व्यक्तीला दुसरा निरोप बेत ठरल्यावर पाठवायचा : पदार्थ, त्यातलं सगळं साहित्य, पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटो. काय धोक्याचं ते तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आणि कृपा करून 'किती दिवसांपासून आहे? खरंच आहे का?' ही उलटतपासणी नको.

चमचाभर
निरोप उचलला. पण सांगितलंच नाही आणि ऐन वेळी दारात सांगितलं तर?

पळीवाली
भात, उकडलेला बटाटा, साल काढायचं फळ : या तीन गोष्टी मसाला-तेल न लावलेल्या स्थितीत वेगळ्या झाकून ठेवलेल्या असाव्यात. फार थाटाचं नाही, पण उपाशी कुणी उठत नाही.

तळटीप
प्रश्न ३ : वस्तू घातली नाही एवढं पुरत नाही, कारण ती आधीच दुसऱ्या कशात तरी असते. नेहमी फसवणारे छुपे रुस्तुम :

सोया सॉस : पारंपरिक पद्धतीच्या सॉसमध्ये गहू असतो.
वूस्टरशायर सॉस : बहुतेकांत अँकोव्ही मासे. शाकाहारी, व्हीगन आणि मासळीची अ‍ॅलर्जी असलेले, तिघेही बाद.
सूपच्या वड्या : गहू, दूध, सेलरी, काहीही.
मेयोनीज : अंडं. ब्रेडवरची चकाकी : अंडं किंवा दूध.
हमस : तिळाची पेस्ट. पेस्तो : चीज आणि सुकामेवा, तयार बाटलीत पाइन नट्सऐवजी बऱ्याचदा काजू.
चीज : काहींत दूध घट्ट करायला प्राण्यांच्या जठरातलं रेनेट, शाकाहाऱ्यांनी बघून घ्यावं.
जेली, मार्शमेलो : जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला पदार्थ.
वाइन : काही वाइन अंड्याच्या पांढऱ्याने, दुधाच्या प्रथिनाने किंवा माशांपासून काढलेल्या पदार्थाने नितळ केलेल्या असतात.

पाकिटावर असे पदार्थ छापण्याच्या सक्तीच्या याद्याही सगळीकडे सारख्या नाहीत. युरोपीय संघात १४ अ‍ॅलर्जनं ठळक छापावी लागतात, अमेरिकेत ९ नमूद करावी लागतात, आणि तिथे तीळ १ जानेवारी २०२३ पासून धरला गेला. सेलरी, मोहरी, ल्युपिन (एक शेंगवर्गीय बी) युरोपच्या यादीत आहेत, अमेरिकेच्या नाहीत. परदेशातून आणलेल्या पाकिटावर मोहरीबद्दल काही ठळक छापलेलं नाही, म्हणजे मोहरी नाही असं समजू नका. साहित्याची यादी पूर्ण वाचा.

'अंश असू शकतो' ही ओळ बऱ्याच देशांत ऐच्छिक आहे. ती नसली म्हणजे कारखाना वेगळा आहे असं नाही. आणि 'व्हीगन' छापलेलं चॉकलेट दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्याला देऊ नका. व्हीगन म्हणजे दूध मुद्दाम घातलेलं नाही. त्याच यंत्रावरून आधी दुधाचं चॉकलेट गेलेलं असू शकतं.

रिकामं भांडं
शेंगदाणा ही शेंगवर्गातली वस्तू, बदाम-काजू-अक्रोड झाडावरचे. एकाची अ‍ॅलर्जी म्हणजे दुसऱ्याची असेलच असं नाही, पण दोन्ही असलेले लोक पुष्कळ. त्यामुळे 'शेंगदाणे काढले, त्याऐवजी काजू घातले' ही हुशारी विचारल्याशिवाय नको.

आळसोबा
भाबडा प्रश्न. चांगलं खळखळून उकळलं, तळलं, तर हे सगळं मरत नाही का? जंतू मरतात तसं?

मोजमाप
नाही. जंतू जिवंत असतात म्हणून मरतात. ग्लुटेनवर आपल्या स्वयंपाकघरातल्या उष्णतेचा उपयोग नाही. शेंगदाणा भाजल्यावर उलट जास्त तापदायक ठरू शकतो. अंडं आणि दूध केकमध्ये नीट भाजलं गेलं तर ती अ‍ॅलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना चालतं, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरतं, आपल्या ओव्हनमध्ये नाही.

अपवाद : परागकणांच्या अ‍ॅलर्जीमुळे काहींच्या तोंडाला कच्चं सफरचंद, पीच, गाजर खाजतं. ते प्रथिन उष्णतेने मोडतं, म्हणून त्यातल्या बहुतेकांना शिजवलेलं चालतं. तेही त्यांनाच विचारून.

उकळी
आता भांड्यांकडे येऊ, कारण इथे सर्वांत जास्त लोक घसरतात. वस्तू घातलेली नसते, पाकिटं तपासलेली असतात, आणि मिक्सर घात करतो.

मिक्सरचं भांडं धुतलं असं आपण म्हणतो तेव्हा आतली भिंत धुतलेली असते. पात्याचा भाग खोलून पाहा. खाली रबराची रिंग असते, ती टोकदार नसलेल्या कशाने तरी उचकटून काढा. तिच्या खालच्या खाचेत मागच्या कुटाचा ओलसर थर बसलेला सापडेल. झाकणाच्या रिंगमध्येही तेच. पातं सुटं होत नसेल तर त्या मिक्सरमध्ये अ‍ॅलर्जीवाल्याचं काही वाटू नका. खलबत्ता दगडाचा असेल तर तोही नको, कारण छिद्रं.

क्रमाने तपासायच्या जागा :

चाळणी : जाळीत अडकलेलं पीठ धुऊन पूर्ण निघत नाही. ग्लुटेनमुक्त पिठाला वेगळी चाळणी.
लाकडी पोळपाट, लाटणं, चमचे, फळी : भेगांत कण राहतात. स्टील किंवा काच वापरा.
चरे पडलेला नॉनस्टिक आणि बिडाचा तवा : तोच प्रकार. बिडाला मुरवलेला तेलाचा थर असतो, त्याला आपण साबणाने घासत नाही.
टोस्टर : सीलिअ‍ॅकसाठी बाद. ब्रेड तव्यावर, नाहीतर फॉइलवर ओव्हनमध्ये.
घासणी : नवी काढा. जुनीने घासणं म्हणजे सगळीकडे थोडं थोडं वाटणं.
मसाल्याचा डबा : एकच चमचा सगळ्या वाट्यांत फिरतो. नवी पाकिटं फोडून त्यातूनच घ्या.
जॅम, लोणी : सुरीला लागलेला ब्रेडचा चुरा बरणीत जातो. नवी बरणी.
तळणाचं तेल : पिठात घोळवलेलं काही तळलं की त्या तेलात मग बटाट्याच्या काचऱ्यासुद्धा ग्लुटेनमुक्त राहत नाहीत. गाळून उपयोग नाही.

हात साबण-पाण्याने धुवा. नुसत्या पाण्याने किंवा सॅनिटायझरच्या जेलने शेंगदाण्याचं प्रथिन हातावरून नीट जात नाही. सॅनिटायझर जंतूंसाठी आहे, प्रथिन उचलून नेण्यासाठी नाही.

निमूट
उकळींनी वर जे लिहिलं त्यातच प्रश्न २ चं उत्तर आलं. चमचाभर, वेगळं काढून ठेवायचं म्हणजे दोन समांतर स्वयंपाक : दोन पळ्या, दोन घासण्या, दोन फळ्या, आणि ओट्याची जागा एकच. चूक होते ती साहित्यात नव्हे, गडबडीत. पाहुणे आले, गप्पा सुरू झाल्या, आणि शेंगदाण्याच्या कुटातली पळी शेजारच्या पातेल्यात गेली. म्हणून अ‍ॅलर्जीची वस्तू त्या दिवशी घरात फोडायचीच नाही. चव जात नाही. शेंगदाण्याच्या कुटाचं काम भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया करतात. तिळाची अ‍ॅलर्जी नसेल तर तीळही.

चमचाभर
शेंगदाण्याचं पटलं. पण गहू? ब्रेड नाही, पास्ता नाही, केक नाही?

दोन घास
मी मधला मार्ग सुचवते. मूळ पदार्थ सगळ्यांना चालतील असे, वेगळेपणा वरून. भात, भाज्या, कडधान्याचं सूप, भाजलेले बटाटे हे मुळातच ग्लुटेनमुक्त आणि व्हीगन असतात, आपण त्यात नंतर भानगडी करतो. चीज, क्रीम, तळलेला ब्रेड, सुकामेवा वेगळ्या वाट्यांत. ब्रेड बाहेरून आणलेला, कापलेला, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. पीठ मात्र त्या दिवशी मळायचं नाही. कोरडं पीठ हवेत उडतं आणि बराच वेळ सगळ्यावर बसत राहतं.

निमूट
ब्रेडचं ठीक, पण वाट्या कधीही पातेल्यांच्या वरच्या फळीवर नकोत. चुरा खालीच पडतो.

तळटीप
आणि कोळंबी-खेकडा-मासळीची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर 'वेगळ्या पातेल्यात शिजवली' यालाही अर्थ नाही. उकळताना वाफेबरोबर प्रथिनं हवेत जातात, संवेदनशील माणसाला नुसत्या वासाच्या टप्प्यात येऊन त्रास होऊ शकतो. त्या दिवशी मासळी नाही म्हणजे नाही.

रिकामं भांडं
गोडाचं कुणी बोलत नाही, म्हणून मी. अंडं बदलताना ते तिथे काय काम करतं ते पाहा.

बांधण्यासाठी (बिस्किटं, पॅटिस) : १ टेबलस्पून जवसाची पूड + ३ टेबलस्पून पाणी, १०-१५ मिनिटं ठेवा, बुळबुळीत झालं की १ अंडं.
फुगवण्यासाठी, फेसासाठी : डबाबंद छोल्यांचं पाणी, ३ टेबलस्पून = १ अंडं. शेंगवर्गाची अ‍ॅलर्जी नाही ना, हे आधी बघा.
साध्या केकसाठी : कृतीत सोडा असेल तर १ टेबलस्पून व्हिनेगर. ओलं-कोरडं एकत्र केल्यावर लगेच ओव्हनमध्ये घाला, वायू निघून गेला की केक बसतो.
तीनपेक्षा जास्त अंड्यांची कृती बदलायला जाऊ नका, दुसरी कृती निवडा.

लोण्यात साधारण ८० टक्केच स्निग्धांश असतो, म्हणून १०० ग्रॅम लोण्याऐवजी ८० ग्रॅम तेल. १०० घातलं तर केक तेलकट आणि जड होतो.

ग्लुटेनमुक्त पिठाचा केक भुसभुशीत होऊन विस्कटतो, कारण बांधणारं काही उरत नाही. कपभर पिठाला अर्धा चमचा झँथन गम, आणि मिश्रण २०-३० मिनिटं ठेवून द्या. तांदळाचं पीठ पाणी हळू शोषतं, न ठेवल्यास दाताखाली कचकच लागते. हे मिश्रण बेकिंग पावडरवर फुगवा. व्हिनेगर-सोड्याचं मिश्रण थांबत नाही, त्यामुळे या दोन युक्त्या एकाच केकात नकोत.

ओट्स सीलिअ‍ॅकसाठी फक्त 'ग्लुटेनमुक्त' छापलेलेच, कारण साध्या ओट्समध्ये गव्हाचे दाणे मिसळलेले असतात. आणि काहींना तेही सोसत नाहीत.

आळसोबा
किंवा फळं कापा. केकपेक्षा दोन तास वाचतात. मी कुणाला नाव ठेवत नाहीये.

तळटीप
आळसोबा, फळांतही गंमत आहे. लॅटेक्सची, म्हणजे रबराची, अ‍ॅलर्जी असणाऱ्यांपैकी काहींना केळं, अ‍ॅव्होकाडो, किवी यांचाही त्रास होतो.

आळसोबा
बरं, मग पाणी तरी चालतं ना?

पळीवाली
पोटाच्या तक्रारींसाठी कांदा-लसूण बंद असलेले पाहुणेही असतात. हे अ‍ॅलर्जीपेक्षा वेगळं आहे. त्रास देणारी कर्बोदकं पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून सुपात अख्खा कांदा घालून नंतर काढून घेण्याचा उपयोग नाही, व्हायचं ते झालेलं असतं. उलट लसणाच्या पाकळ्या तेलात मंद आचेवर सोनेरी करून सगळ्या काढून टाकल्या तर तेलाला स्वाद राहतो आणि बहुतेकांना ते चालतं. हे तेल त्याच दिवशी संपवा. लसूण घातलेलं तेल बाहेर ठेवलं तर बॉट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूंना वाढायला जागा मिळते. लसणाची अ‍ॅलर्जी असलेल्याला अर्थातच हे तेलही नाही.

मोजमाप
गर्भवती पाहुणी असेल तर कच्चं अंडं (घरचं मेयोनीज, मूस), कच्ची मासळी आणि निर्जंतुक न केलेल्या दुधाचं मऊ चीज टाळा. मूत्रपिंडाचं पथ्य असेल तर मीठ वरून घेऊ द्या, आणि मिठाऐवजी मिळणारं 'कमी सोडियम' मीठ अजिबात वापरू नका, त्यात पोटॅशियम असतं.

निमूट
एवढं करून काही झालंच तर. पेन (अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन) पाहुण्याकडे आहे का आणि कुठे ठेवलंय, हे आल्या आल्या विचारून ठेवा. पर्स कोटांच्या ढिगाखाली नको.

ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, श्वासाला घरघर, चक्कर, एकाएकी उलट्या आणि अंगभर गांधी : यातलं श्वासाचं किंवा चक्करेचं काही दिसलं की वाट पाहायची नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर पेन, गरज पडली तर कपड्यावरूनच. पेनवर लिहिलेले सेकंद दाबून धरा. लगेच रुग्णवाहिका. माणसाला आडवं करून पाय उंचावर. श्वास लागत असेल तर पाय पुढे पसरून बसवा. उभं करू नका, चालवत गाडीपर्यंत नेऊ नका. रक्तदाब एकाएकी कोसळतो. ५ मिनिटांत फरक नाही पडला आणि दुसरं पेन असेल तर दुसरं द्या. खाजेच्या गोळीने हे थांबत नाही. बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच, लक्षणं काही तासांनी परतू शकतात.

चमचाभर
मूळ यादीकडे येतो. मी मत अर्धं बदललंय : शेंगदाणे घरातून बाद, गहू फक्त ब्रेडपुरता. १२ जणांचा एक चालेल असा क्रम कुणी लिहील का?

उकळी
आदल्या दिवशी : पाकिटं वाचून फोटो. (खरेदीच्या वेळी एकदा, घरी एकदा, फोडताना एकदा. कंपन्या घटक न सांगता बदलतात.) ओटा, फ्रिजची मूठ, नळ साबणाच्या फडक्याने पुसून घ्या. नवी घासणी. सोयाबीन-छोल्यांसारखं कडधान्य ५०० ग्रॅम निवडून भिजत घाला, निवडताना त्यात गव्हाचे दाणे सापडतात.

त्या दिवशी : आधी गोड, कारण त्याला निवायला वेळ लागतो. मग कडधान्याचं सूप, दाटपणासाठी गव्हाच्या पिठाऐवजी कॉर्नफ्लोअर, प्रमाण निम्मं, गार पाण्यात कालवून, आणि घातल्यावर मिनिटभर उकळी. मग भाज्या, तेलावर. वांगं घ्यायचंच नाही, भोपळा घ्या. भात शेवटी, ९०० ग्रॅम ते १ किलो तांदूळ.

वाढण्याआधी : सीलिअ‍ॅक आणि शेंगदाणेवाल्याचं, दुसऱ्या वाढपापुरतंही, आत्ताच डब्यात काढून झाकण आणि नावाची चिठ्ठी. हे विसरलं जातं. पहिलं ताट बिनधोक असतं, पण 'अजून थोडं घे ना' म्हणेपर्यंत टेबलावरच्या पातेल्यात ब्रेडचा चुरा गेलेला असतो. प्रत्येक पातेल्याची पळी पातेल्याला बांधल्यासारखी, फिरवायची नाही. त्या दोघांनी आधी वाढून घ्यायचं.

चीज, क्रीम, ब्रेड सगळ्यात शेवटी बाहेर.

दोन घास
'हे खास तुझ्यासाठी' असं बाराजणांत जाहीर करू नका. चिठ्ठी पुरते.

रिकामं भांडं
पाहुणे स्वतः काही करून आणतो म्हणाले तर?

तळटीप
बंद पाकीट, पेयं, न कापलेली फळं आणा म्हणायचं. घरून करून आणलंच तर साहित्याची चिठ्ठी मागा आणि ते ब्रेडच्या टोकाला ठेवा. आणि अ‍ॅलर्जी असलेला पाहुणाच 'मी माझा डबा आणतो' म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका. आपला मायक्रोवेव्ह आतून पुसून द्या, त्याला झाकण ठेवून गरम करू द्या आणि त्याचा चमचा दुसऱ्या कुणी उचलणार नाही एवढं बघा.